सील फोडण्याआधी

नव्या प्रोसेसरच्या खोक्याचं सील फोडायला माझे हात शिवशिवत होते. पण सील फुटलं की दुकानदार तो परत घेणार नव्हता. सॉकेट जुळत होतं. मात्र मदरबोर्डच्या डोक्यातलं बायोस, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, जुनं असेल तर बोर्ड या पाहुण्याला ओळखणारच नव्हता. माझी कार्टूनं हलवताना मशीन धापा टाकायचं. सासऱ्यांच्या लेखी तो सगळा रिकामटेकडेपणा. श्वास रोखून बायोस उघडलं आणि किंचाळलेच, “अरे, हे तर सगळ्यात नवं आहे! तू टाकलंस?” नवऱ्यानं कानांवर हात ठेवले. वर्तमानपत्रामागून सासरे खाकरले. निवृत्त टेलिफोन मेकॅनिक ते. “महिनाभर त्या प्रोसेसरचा फोटो बघत होतीस. म्हटलं, पाहुणा यायच्या आधी घर आवरून ठेवावं.” खिशातला वायर सोलायचा चाकू त्यांनी पुढे केला. “फोड आता. तुझा कार्टूनमधला कावळा आठवडाभर हवेत लटकलाय. उतरव बिचाऱ्याला खाली.”