वळिवड्याची चाल

"मास्तर, या अंगाईनं मुलाआधी गिऱ्हाईक झोपेल," म्हणत कुमुदबाईंनी वही मिटली. त्यांनी नाकारलेली चाल दुसरी कुठलीच गायिका घेत नसे. मास्तरांचा चेहरा उतरला.

चाल पोलंडची. युद्धाच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती. मास्तर तिथं पेटी दुरुस्त करायला गेले आणि ही चाल घेऊन आले. शिवाय ती गुणगुणणारी बायकोही. त्या हालिनावहिनी नऊवारी नेसून स्टुडिओच्या कोपऱ्यात बसल्या होत्या.

"अंगाई न्हाई ती," त्या म्हणाल्या. "लग्नात नाचायचं गाणं हाय, लई जलद."

मास्तर उखडले. "मग दहा वर्षं इतकं हळू का म्हणतेस?"

"नाचायला चौघं लागत्यात. आमच्या घरातली मी एकटीच वळिवड्याला पोचले."

तबलजीनं उगाच हातोडी पुसली. कुमुदबाईंनी पदर खोचला. "तबला दुप्पट लयीत घ्या. वहिनी, पावलं दाखवा. मी आहे, मास्तर आहेत, आणि ए व्हायोलिन, तूही ऊठ!"

मी उठलो. रेकॉर्डवर दोन कडव्यांमध्ये जी धपधप ऐकू येते, ती आमची. बेताल पाऊल तेवढं मास्तरांचं.