ब्रेकवरचा पाय

“दाब. धरून ठेव. हं, सोड.” जीपखालून नवऱ्याचा आवाज येत होता आणि मी ब्रेकचं पेडल दाबत होते. नळीतली हवा काढायला दोन माणसं लागतात. मोठी चाकं बसवायला त्याने घरीच जीप उंच केली, तेव्हा ब्रेकच्या तेलाच्या नळ्या आखूड पडल्या; त्याही त्यानेच व्हिडिओ बघून बदलल्या होत्या. उद्या तान्ह्या शाल्मलीला घेऊन घाट उतरायचा होता, पोलादपूरला सासूबाईंकडे.

“झालं! चला मॅडम, उतरा,” तो म्हणाला.

मी उतरले नाही. पेडल दाबून धरलं, तर पाय सावकाश खाली जात राहिला.

“अरे, हे खाली जातंय.”

“नवीन आहे, बसेल हळूहळू. तू तर पाळण्याचेही नट तपासतेस!”

“अजून जातंय. टेकलं बघ तळाला.”

तो कुरकुरत पुन्हा खाली सरकला. बाहेर आला तेव्हा त्याची बोटं ओली होती. नव्या नळीच्या जोडातून ब्रेकचं तेल गळत होतं.

हात पुसून त्याने आईला फोन लावला. “आई, उद्या एसटीने येतोय. नाही गं, जीप झाली तयार. तुझी सून घाटाला घाबरते.”