नळवाल्या काकांची बायको

नळवाल्या काकांनी वही उघडली तशी वर्गातली कुजबुज थांबली. वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी भरणाऱ्या त्या लेखनवर्गात अकरा जण होते, पण हल्ली सगळे यायचे ते काकांच्या बायकोसाठी. तिला कोणी पाहिलं नव्हतं. ती फक्त वहीत होती.

वर्ग घेणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, माणसाचं रूप, वय, कपडे काही लिहायचं नाही. नुसत्या बोलण्यातून माणूस उभा राहिला पाहिजे. बाकीच्यांची माणसं भाषणं ठोकत. काकांची बायको दोन ओळींत समोर येऊन बसायची.

काका पाढे म्हणावेत तसे वाचू लागले.

“नळ गळतोय.”

“उद्या बघतो.”

“लोकांचे नळ आज, आपला उद्या. मी लोकांकडे राहायला जाऊ का?”

वर्ग हसला. काकांनी पान उलटलं. पुढचं होतं ते मुलगी लग्न होऊन गेली त्या दिवसाचं.

“घर मोठं झालं.”

“तेवढंच तर आहे.”

“मग आपण लहान झालो असू.”

या वेळी कोणी हसलं नाही. बाई उगीचच खडूचे तुकडे गोळा करत राहिल्या.

त्यांच्या स्वतःच्या घरात भांडण नव्हतं. भांडायला बोलावं लागतं. लग्नाआधी याच नवऱ्याशी बोलणं संपेना म्हणून दोघांनी तीन-तीन बसगाड्या सोडल्या होत्या. आता तो आतल्या खोलीतून विचारायचा, चावी कुठाय. त्या स्वयंपाकघरातून सांगायच्या, खुंटीला. एका रविवारी बाईंनी दिवसभराचं दोघांचं बोलणं कागदावर उतरवून पाहिलं. चार ओळी भरल्या. त्यातली एक दूधवाल्याशी झालेली निघाली.

तेव्हापासून भाजी चिरताना त्यांना काकांच्या बायकोचा आवाज ऐकू यायचा. जरासा घोगरा, हसू दाबून धरलेला. असं कोणी आपल्याशी बोलावं, निदान आपल्याला असं बोलता यावं, याची त्यांना भूकच लागली होती.

वर्ग संपत आला तेव्हा त्यांनी काकांना सुचवलं, की एखादा प्रसंग दिवे गेल्यावरचा लिहा. अंधारात माणसं मनातलं बोलतात.

काकांनी डोकं खाजवलं. “अंधारात ती काही बोलत नाही, बाई.”

मग आतून हाक मारून बोलते असं दाखवा, बाई म्हणाल्या. काकांनी त्यालाही नकाराची मान हलवली. हाका मारायची सवय तिला नाही. काय असेल ते समोर येऊन बोलते. बाईंना ते फारच लागलं. भिंतीआडून बोलायचं नाही, एवढी साधी रीत आपण कधी मोडली, ते त्यांना आठवेना.

शेवटच्या शनिवारी काका आले नाहीत. शिडीवरून उतरताना पाय मुरगळल्याचं कळलं. वही तपासायला म्हणून बाईंकडेच राहिली होती. कोणाच्या हाती पाठवता आली असती, पण रविवारी सकाळी त्या स्वतः निघाल्या. नवऱ्याला त्यांनी कुठे जातेय ते सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही. वाटभर त्या एकच वाक्य घोळवत होत्या. शिक्षिकेने विद्यार्थ्याच्या बायकोला असं सांगणं शोभेल का, हेही घोळत होतंच.

दार काकांनी उघडलं, लंगडत. घर लहान, लख्ख. खिडकीपाशी एक बाई मटार सोलत बसली होती. केस पिकलेले, डोळे खट्याळ. पाहुणी दिसताच ती पदराला हात पुसत उठली.

वही पुढे करून बाईंनी जपून आणलेलं वाक्य बोलून टाकलं, “मी तुमचं बोलणं ऐकायला आलेय. माझ्या घरी कोणी बोलत नाही.”

काकांच्या बायकोने आधी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. काकांनी वही बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी, बोटांनी, ते वाक्य हवेत पुन्हा मांडलं, शेवटपर्यंत. तिने बाईंकडे पाहिलं. मग तिचे हात उठले आणि भराभर चालू लागले. काका एकटक बघत राहिले, हसले, आणि पाढे म्हणावेत तशा आवाजात म्हणाले,

“ती म्हणतेय, बसा. ऐकायला काही मिळायचं नाही, बघावं लागेल.”