एकाच डावात दुसऱ्यांदा

क्लबची कोच, तोफ, पिचरकडे जाताना अर्ध्या वाटेवर पोचली तेव्हा अंपायरने हात वर केला.

“मॅडम, याच डावात तुम्ही दुसऱ्यांदा आत आलात,” तो म्हणाला. “आता पिचर बदलावी लागेल.”

तोफ जागच्या जागी थिजली. सॉफ्टबॉलमधला हा नियम शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. पिचरशी बोलायला कोचने एका डावात एकदाच मैदानात यायचं; दुसऱ्यांदा पाऊल टाकलं, की पिचर गेली. याच मोसमात तिने तो क्लबच्या पोरींकडून घोकून घेतला होता. आणि आज सेमीफायनलच्या शेवटच्या डावात तिनेच तो धाब्यावर बसवला.

“विसरलेच हो,” ती म्हणाली. “खरंच विसरले.”

त्यात नवल नव्हतं. पंधरा वर्षं ती खेळाडू होती, देशाच्या संघाची पिचर, आणि खेळाडूच्या फेऱ्या कोण मोजतो? मनात आलं की चालत जायचं, कुणाच्या पाठीवर थाप मारायची, परत यायचं. तोफ हे नावही तेव्हाचंच. पुढे खांद्याचं ऑपरेशन झालं आणि क्लबने तिला कोच केलं. खेळाडूंमध्येही तिचं नाव राहू दिलं होतं, अडीअडचणीला असावं म्हणून.

वर्तुळात आजची पिचर, भिंगरी, उभी होती. चेंडू टाकताना तिचा हात गरगर फिरायचा, म्हणून भिंगरी. जवळचे दोन क्लब सोडून ती इथे आली होती, ती फक्त तोफेकडून शिकायला. आतापर्यंतचा सगळा सामना तिने एकटीने ओढला होता. एका धावेची आघाडी, दोन गडी बाद, दोघी बेसवर आणि समोर दुसऱ्या संघाची सगळ्यात दांडगी बॅटर. आत्ताच तिने टोलवलेला चेंडू रेषेच्या जेमतेम बाहेर पडला होता आणि तोफ तडक उठून मैदानात निघाली होती. अजून एक गडी, की सामना भिंगरीचा. मोठा सामना तिने आजवर शेवटपर्यंत नेला नव्हता. कुणी नेऊच दिला नव्हता. “आज शेवटपर्यंत तूच,” तोफेने सकाळी सांगितलं होतं. “आकाश कोसळलं तरी तूच.”

“चुकलं गं माझं,” तोफ म्हणाली. “धीर द्यायला म्हणून आले होते.”

भिंगरीने चेंडू तोफेच्या हातावर ठेवला आणि ती डगआउटकडे, संघाच्या बाकांकडे, चालू लागली.

क्लबची दुसरी पिचर बोट मोडून घरी बसली होती. त्यामुळे आता कोण, हे कुणी विचारलंच नाही. गॅलरीत ‘तोफ, तोफ’ सुरू झालं. तोफ तिथूनच वर्तुळात गेली. पहिल्या चेंडूला खांदा ठणकला. दुसऱ्याला तो खांदा आहे हेच ती विसरली. तिसऱ्याला बॅटरने नुसती हवा मारली आणि सामना संपला. खरं सांगायचं तर वर्षभरात तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

पोरींनी तिला उचलून घेतलं. क्लबचे सेक्रेटरी धापा टाकत आले.

“सुंभ जळला तरी पीळ जात नाही बघा!” ते हसत म्हणाले. “कोच विसरली म्हणून आपण वाचलो. अशी विसरभोळी कोच सगळ्यांना मिळो.”

सगळे हसले. तोफही हसली. मग तिने भिंगरीला शोधलं. ती डगआउटच्या टोकाच्या बाकावर बुटाची नाडी सोडत बसली होती. बाकीच्यांनी काय वाटेल ते समजावं, पण या पोरीचा आपल्यावरचा भरवसा जाता कामा नये, असं तोफेला फार वाटलं.

“रागावलीस?”

“नाही, ताई.”

“अगं, नियम डोक्यातून साफ गेला. तुझ्यावर विश्वास नव्हता म्हणून नाही आले मी. शप्पथ.”

भिंगरीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि तेच तोफेला जास्त लागलं.

“पहिल्यांदा आलात तेव्हा तुमचे हात मोकळे होते,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा ग्लोव्ह घालून आलात. धीर द्यायला ग्लोव्ह कशाला लागतो, ताई?”

तोफेने आपल्या हाताकडे पाहिलं. डगआउटमधून निघताना ग्लोव्ह उचलल्याचं तिला काही केल्या आठवत नव्हतं. पण उचलला तर होता. अजूनही तो तिच्या डाव्या हातात होता.

बाहेर सेक्रेटरी फोटोसाठी हाका मारत होते. तोफ बाकावर बसली. तिने ग्लोव्ह ओढून काढला आणि भिंगरीच्या मांडीवर ठेवला.

“उद्या फायनलला हा तुझ्या पिशवीत ठेव,” ती म्हणाली. “मी मागितला तरी देऊ नकोस.”