चौकीदाराचा खोकला

पायल पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, ते दोन हजार तेवीस साल. तिच्या मुलीचं नाव ठेवलं त्याच आठवड्यात तिच्या आजोबांचा, लहानूचा, सिनेमा लागला.

सोमवारी सकाळी हिंदी मुलखातल्या रांझीत त्यांच्या घरासमोर पायलच्या बापाने, अश्विनने, मोटरसायकल काढून ठेवली होती. बापाला छातीचा फोटो काढायला न्यायचं म्हणून त्याने फॅक्टरीतून सुट्टी घेतली होती. लहानू धुतलेला शर्ट घालून ओट्यावर बसला होता. एक चप्पल पायात, एक हातात.

खोकला जुना होता. औषधही घरात आणलेलं होतं. पण चहाच्या टपरीवर सिनेमावाल्यांनी लहानूला खोकताना ऐकलं आणि तिथल्या तिथे चौकीदाराचं काम दिलं. "शूटिंग होने तक दवा मत लेना, दादा," डायरेक्टर म्हणाला होता. शूटिंग संपलं, तरी लहानूने औषध घेतलं नाही. सिनेमा लागू दे, मग डॉक्टरकडे जाऊ, असं त्याचं चाललं होतं.

"चला, बाबा. तिथे लाइन लागते."

"चाल ना. मी कुठे नाही म्हणून राहिलो?"

तेवढ्यात शेजारचा गौतम पेपर हलवत आला. "हिरो, रुको! तुमच्या सिनेमाचं छापून आलं. चौकीदार पण आहे त्यात. मी तिथेच वाचणं बंद केलं. म्हटलं, पहिला मान वहिनीचा."

लहानूची बायको पार्वताबाई पदराला हात पुसत बाहेर आली. साठी उलटल्यावर ती विहारातल्या वर्गात अक्षरं शिकली होती. तेव्हापासून गल्लीत कुणाचीही लग्नपत्रिका आली की तिलाच वाचायला द्यायचे. वाचून झालं की लहानू चार लोकांकडे बघायचा, जणू त्यानेच वाचली.

"आजी, दे ना, मी पढते," पायल दारातून म्हणाली. तिच्या खांद्यावर बाळ झोपलं होतं. "तुला टाइम लागेल."

"काहून? मले येत नाही का? तू लेकरू पाय."

"वाचू दे तिले," लहानू म्हणाला. "घरचाच सिनेमा आहे आपला."

सिनेमा खुनांचा होता, सगळा अंधारातला. त्यातला जासूस भिजत फिरतो, दारू पितो, कुणावर भरवसा ठेवत नाही. गोदामाच्या म्हाताऱ्या चौकीदाराची तो गचांडी धरतो, तेव्हा चौकीदार खोकत खोकत म्हणतो, 'साहब, मैंने कुछ नहीं देखा.' लहानूचं काम तेवढंच. शनिवारी अर्धी गल्ली ते पाहून आली होती.

पार्वताबाईने शब्दाखाली बोट ठेवलं.

"फिल्म... का... अंधेरा... सच्चा है."

"वाह!" गौतम म्हणाला.

"जासूस के... किरदार में... नायक ने... जान डाल दी है."

"पुढे बाबाचं येईन," अश्विन म्हणाला. तोही मोटरसायकल सोडून ओट्याजवळ आला होता.

"लेकिन... गोदाम के... बूढ़े चौकीदार की..."

लहानूने हातातली चप्पल खाली ठेवली आणि शर्टाचं वरचं बटण लावलं.

उशिरा अक्षर शिकलेल्या माणसाला पुढची ओळ दिसत नाही. बोटाखालचा शब्द तेवढा दिसतो, आणि तोंडातून गेल्यावर त्याचा अर्थ लागतो. पायलने मात्र आजीच्या खांद्यावरून ओळ पाहिली होती. तिने आजीचा दंड धरला. "बस, आजी."

"थांब वं. लाइन पुरी होऊ दे. चौकीदार की... खाँसी... इतनी... बनावटी है... कि... हँसी आती है."

आधीच्या ओळी वाचल्या त्याच मोठ्या, मोकळ्या आवाजात तिने हीही वाचली. मग तिचं बोट थांबलं.

गौतमने पेपर घेण्यासाठी हात पुढे केला. "अहो दादा, ये पेपरवाले... यायले काय समजते?"

"परत वाच," लहानू म्हणाला.

"चष्म्यातून नीट दिसून नाही राहिलं," पार्वताबाई म्हणाली.

लहानूच्या छातीतून घरघर वर आली. सगळ्यांनी ती ऐकली आणि सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याने ओठ मिटले. मान आखडली, डोळे भरून आले. खोकला बाहेर न येता आत गेला. पायलच्या खांद्यावरचं बाळ जागंसुद्धा झालं नाही.

"बाबा, सोडा ते. चला."

"डॉक्टरले काय दाखवू?"

"खोकला, अजून काय!"

"कुठे खोकून राहिलो मी?" लहानूने पायातली चप्पल काढली आणि दोन्ही भिंतीला लावून ठेवल्या. "नकली खोकल्याचा फोटो निघत असते का, बाबू? जा, ड्युटीवर जा तू."

तो आत गेला. न्हाणीचं दार लागलं, नळ सुरू झाला. अश्विन थोडा वेळ थांबला, मग मोटरसायकल घेऊन निघून गेला. गौतमही गेला. पेपर ओट्यावरच राहिला.

नळ चालूच होता. बादली भरून पाणी मोरीतून बाहेर नालीत येत होतं. पार्वताबाई उठून न्हाणीच्या दाराशी गेली. पाण्याच्या आवाजाखाली तिला तो खोकला ऐकू आला, लांब, ओला, थांबत नसलेला. तिने दार वाजवायला हात उचलला. मग तो तसाच खाली घेतला.

त्यानंतर लहानू कुणासमोर खोकला नाही. अश्विनला वाटलं, बाप बरा झाला.

लहानू त्याच वर्षी दोन डिसेंबरला वारला.