धुतलेले पाय

पाय आधीच धुतलेले होते. एस्तेरनं तांब्यातून पाणी सोडलं, टाचेवरून हात फिरवला, तरी परातीतलं पाणी नितळच राहिलं. मास्तरांच्या पायाला तर चक्क साबणाचा वास येत होता.

"मास्तर, आंघोळच करून आलात की!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि बायकांच्या बाजूला खसखस पिकली.

दरवर्षी असंच व्हायचं. प्रभूनं आपल्या शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून शुभ शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये बाराजणांना बाकावर बसवायचं, त्यांचे पाय धुवायचे. आणि दुसऱ्याचा हात आपल्या मळक्या पायाला लागू नये म्हणून बाराही जण घरूनच पाय घासून यायचे. पाळकसाहेबांनी यंदा फक्त धुणारं माणूस बदललं होतं. "गावाचा कारभार जिच्या हाती, तिनं यंदा गुडघे टेकावेत," असं ते गेल्या रविवारी म्हणाले आणि सगळं चर्च सरपंचबाईंकडे वळून बघू लागलं. एस्तेरला तेव्हा बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचीच आता लाज वाटत होती.

उपवासकाळ लागल्यापासून तिनं चहात साखर घातली नव्हती. पहाटेची प्रार्थना चुकवली नव्हती. पण डोळे मिटले की प्रभूच्या आधी माळावरची वस्ती समोर यायची.

गेल्या वर्षी गावच्या पैशातून त्या वस्तीवर नळ न्यायचा ठरला होता. तो पैसा एस्तेरनं एसटीच्या थांब्यापासून चावडीपर्यंतच्या रस्त्याकडं वळवला. लाल-पिवळे गट्टू बसले, चप्पल चिखलात रुतायची थांबली, गावानं नाव काढलं. वस्तीवरच्या लोकांना ती म्हणाली, "पुढच्या साली नक्की." पुढचं साल आलं, आणि आता त्या पैशातून वेशीवर कमान उभी राहायची होती. कमानीवर एस्तेरच्या वडिलांचं नाव. वडील गावोगाव प्रभूचं वचन सांगणारे सुवार्तिक होते, उभा जन्म पायी हिंडून त्यांनी लोकांची सेवा केली. त्यांचा मान म्हणजे सेवेचाच मान, असं तिनं स्वतःला समजावलं होतं. सोमवारच्या सभेत ठराव व्हायचा होता. मघाशी चर्चच्या पायरीवरच उपसरपंच दयानंदनं तिला गाठलं होतं. "ताई, उदगीरला जाऊन कमानीचा दगड बघून आलो. लई भारी हाय. तुम्ही फक्त हो म्हणा." ती हो म्हणाली होती.

परात सरकवत ती शेवटच्या माणसापाशी आली. बाकाच्या टोकाला शांतम्मा बसली होती. वस्तीवरची म्हातारी, तिथून खडकाळ उतारानं अनवाणी आलेली. एस्तेरला आतून हायसं वाटलं. निदान या पायांवर तरी धूळ असेल. ती आपल्या हातानं निघेल, आणि तिच्याबरोबर मनावरचंही काही उतरेल.

तिनं लुगड्याचा काठ अलगद वर केला. टाचांना भेगा होत्या. पण पाय स्वच्छ होते. भेगांमध्ये अजून ओल होती.

"मावशी, तुम्हीसुद्धा?" एस्तेर हळूच म्हणाली. "एवढ्या वाटेनं आलात आणि धूळ कुठं गेली?"

"दाराशी धुतले, माय. बाटली आणली व्हती संगं."

"वस्तीवर टँकर आला वाटतं आज."

"कुटला टँकर? परवापसून पत्ता न्हाई त्येचा." शांतम्मानं आवाज बारीक केला. "पेयाचं ठिवलं व्हतं, त्येच घेऊन आले. आमच्या वाटंची घाण तुमच्या हाताला लागावी, बरं दिसतंय का त्ये?"

एस्तेरचा हात तांब्यावर तसाच राहिला. शांतम्माच्या पिशवीतून रिकाम्या बाटलीचं निळं झाकण बाहेर डोकावत होतं.

"सरपंचबाई, पाणी घाला," पाळकसाहेब म्हणाले.

"ताई, जरा इकडं बघा," दयानंदनं मोबाईल वर धरला होता. "फोटो काढतोय."

एस्तेरनं मान वर केली. "दयानंद, कमान नको."

"आँ?"

"कमान नको. सोमवारी वस्तीच्या नळाचा ठराव घ्यायचा. पहिला तोच."

"ताई, अहो, चर्चमध्ये पंचायत कशाला काढताय? आणि तुमच्या वडिलांचं नाव..."

"त्यांच्या नावानंच सांगते. नको."

मोबाईल खाली आला. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं. एस्तेरला वाटलं, आता तरी हात हलेल. हलला नाही. तांब्या काठोकाठ भरला होता आणि एवढं पाणी या पायांवर ओतून परातीत घालवायचं धाडस तिला होईना. डोळे भरून आले, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

शांतम्मा पुढं वाकली. रुसलेल्या लेकीला समजवावं तसा तिनं एस्तेरच्या मनगटाला हात लावला, आणि तांब्या हळूच आपल्या पायांकडं कलता केला.

"सोमवारचं सोमवारी बघू, माय. आज तांब्यात हाय तेवढं तरी येऊ द्या आमच्या वाट्याला."