गव्हाणीतला हिरवा चारा

पुरात गेलेल्या गाईचा पंचनामा करायला आलेले पशुधन पर्यवेक्षक गव्हाणीपाशी थबकले. भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती, खुंट्याला दाव्याचा तुटका तुकडा लोंबत होता; इथवर सारे सांगितल्याप्रमाणेच होते. गव्हाणीत मात्र हिरवा चारा पडला होता. त्यांनी एक काडी मोडून पाहिली. रस बोटाला लागला. त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काका, दुसरं जनावर आहे का घरी?"

"छे हो साहेब. एकच होती."

"मग हा चारा कोण खातं? तुम्ही?"

शेतकऱ्याने दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिले.

"मी टाकते," बाई म्हणाल्या. "गाईला."

शेतकऱ्याने कपाळावर हात मारला. "घ्या! एक गाय पुरानं नेली, सरकारी मदतीतून येणारी दुसरी तू घालव."

"गाय मेली, असं कळवलंत ना तुम्ही?" पर्यवेक्षकांनी बाईंना विचारले.

"मेली असं हे म्हणतात. मी वाहून गेली म्हणाले. मेलेली कुणी पाहिलीये?"

"काकू, गोठा दोघांच्या नावावर आहे. गाय मृत झाली, याखाली तुमचीही सही लागेल. आज शेवटचा दिवस आहे."

"वाहून गेली, असं लिहा की."

"तसा रकाना नाही."

"अगं, कर ना सही!" शेतकरी काकुळतीला आला. "आलीच उद्या परत, तर ती काय कागद वाचून भांडणार आहे तुझ्याशी?"

बाईंनी पेन हातात घेतले, क्षणभर धरले आणि परत केले.

पर्यवेक्षकांना हा सारा बनाव वाटला. मागच्याच आठवड्यात असा एक बुडालेला बैल मालकाच्या जावयाच्या गोठ्यात निवांत रवंथ करताना सापडला होता. इथेही कुठेतरी पाणी मुरत होते. गाय जवळपास दडवलेली असेल, तर धारेच्या वेळी कास भरून येईल आणि ती हंबरल्यावाचून राहणार नाही.

"धारेच्या वेळेपर्यंत थांबतो मी," ते म्हणाले आणि उपडे घमेले ओढून त्यावर बसले.

"थांबा की," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

ऊन उतरले. बाईंनी सकाळचा सुकलेला चारा काढून ताजा टाकला, बादली विसळून खुंट्याजवळ ठेवली. मग फाटक सताड उघडून ते मिटू नये म्हणून त्याला दगड लावला.

"हीच वेळ तिची," त्या म्हणाल्या.

पर्यवेक्षकांनी नदीकडच्या वाटेवर नजर रोखली. बाईंचीही नजर तिथेच होती.

वळणावरचे उंच गवत हलले. पर्यवेक्षक ताडकन उठले. बाईही दोन पावले पुढे सरकल्या.

शेतकऱ्याने डोळे घट्ट मिटून घेतले.